वाचकांचे प्रश्न : पुतण्या नावाची त्रुटी

प्रश्न : गेल्या अंकात केळी पिकवण्याविषयी लिहिताना आपण ‘माझ्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राच्या म्हणण्याप्रमाणे’ असा उल्लेख केला होता. हे मित्र कोण? एवढ्या विद्वान माणसाशी मैत्री निभावणे अवघड जात नाही का? जेवायला बसल्यावरही ते शास्त्रच सांगतात का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : नाव छापायला त्याची परवानगी नाही. “नाव छापलेस तर या हिवाळ्यात भरिताला बोलावणार नाही,” असे त्याने बजावले आहे, आणि यावल तालुक्यातल्या त्याच्या मळ्यात कापसाच्या काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचे भरीत गमावण्याइतका मी या सदराशी एकनिष्ठ नाही. फळ पिकताना त्याच्या आत काय घडते, हा त्याचा आयुष्यभराचा विषय आहे आणि त्या विषयातली परदेशी माणसेही त्याला शंका विचारतात, एवढे सांगतो. मोठ्या शास्त्रज्ञाला फाटकावरच्या रखवालदाराने ओळखले नाही, अशी एक गोष्ट अशा आठवणींत हटकून असते. ती इथे मिळणार नाही, कारण गावात त्याला सगळेच ओळखतात. मात्र ते शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर लहानपणी झोपेत बैलगाडीतून पडलेला आणि गाडी घरी पोहोचेपर्यंत कोणाच्याही लक्षात न आलेला मुलगा म्हणून.

एकदा सुटीत त्याने आईला इथिलीन वायूची करामत दाखवायचे ठरवले. पिकलेले फळ हा वायू सोडते, त्यामुळे शेजारचे कच्चे फळ पिकू लागते, स्टार्चची साखर होते आणि सालीतले हरितद्रव्य जाऊन पिवळा रंग दिसू लागतो, हे सारे त्याने समजावून सांगितले. उभे आयुष्य आढीत आंबे पिकवलेल्या आईवर त्याचा काही परिणाम झाला नाही. मग त्याने दोन डब्यांत एकाच फणीची कच्ची केळी ठेवली, एका डब्यात जोडीला पिकलेले सफरचंद ठेवले आणि झाकणे लावून तो निश्चिंत झाला. चौथ्या दिवशी सगळ्या घरासमोर डबे उघडले, तेव्हा दोन्हींतली केळी सारखीच हिरवी होती आणि सफरचंदाचा पत्ता नव्हता. ते पहिल्याच रात्री कोणाच्या पोटात गेले, हे कोपऱ्यात उभ्या असलेल्या पुतण्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. त्याने शांतपणे वहीत नोंद केली : ‘निष्कर्ष नाही. त्रुटी – पुतण्या.’ नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी तो हेच पान दाखवतो.

मैत्री अवघड जाते का, याचे उत्तर मात्र ‘होय’ असे आहे, आणि त्याला जानेवारीतली एक रात्र कारणीभूत आहे. केळीला थंडी सोसत नाही. पारा १० अंशांच्या खाली उतरला की वाढ खुंटते, बागेला चरका बसतो आणि फळाची साल काळपट पडते. म्हणून अशा रात्री आमच्याकडे बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करतात आणि बागेला विहिरीचे पाणी देतात. शेतीपंपाची वीज रात्री दोनला आली, तेव्हा हा मला अंथरुणातून उठवून घेऊन गेला. “पाणी कोमट असतं, हात घालून पाहा,” असे म्हातारे सालदार म्हणाले. याने हात घातला, मग तापमापक घातला, आणि हवा ८ अंश असताना पाणी २६ अंश भरल्यावर तो त्या सालदारांना तासभर प्रश्न विचारत सरीत उभा राहिला. कोणत्या कोपऱ्यात आधी चरका बसतो, वारा पडल्यावर काय होते, नाल्याकडची झाडे जास्त का काळवंडतात, हे ते सांगत होते, हा लिहून घेत होता आणि मी बॅटरी धरून कुडकुडत होतो.

पहाटे, दोन तास धुरात खोकून झाल्यावर, तो मला म्हणाला की धुराचा तसा उपयोग नसतो. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघून जाणारी उष्णता त्यांना फारशी अडवता येत नाही, काम करते ते पाणी आणि थोडीफार आगीची ऊब. मग आपण धूर कशासाठी केला, असे मी जरा चढ्या आवाजात विचारले. “अरे भो, शेजारचे सगळे करतात. आपण नाही केला आणि केळी काळी पडली, तर दोष थंडीला नाही, माझ्या पदवीला येईल.”

जेवताना तो शास्त्र सांगतो का, असे आपण विचारले आहे. एकदा बाहेरगावचे एक प्राध्यापक त्याच्याकडे शेवभाजी खाऊन डोळे पुसत पाण्यावर पाणी पिऊ लागले. हा उत्साहाने सांगू लागला की तोंडातली जी संवेदनाग्रे साधारण ४३ अंशांच्या वरची उष्णता ओळखतात, त्यांनाच मिरचीतले कॅप्सेसिन फसवते; ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाण्याने आग शमत नाही, दुधादह्याने शमते. प्राध्यापक घामाघूम होऊन मान डोलावत होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “आधी त्याले दही दे, मंग शिकव.”