मुलांना येतं, पण बझर दाबत नाहीत

प्रश्न : नमस्कार दादा, मी आमच्या मंडळीच्या तरुण संघाचं काम बघते. बायबल क्विझसाठी पाच मुलांची टीम आहे, वयं १३ ते १७, यावेळी नव्या करारातलं पूर्ण 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक आहे आणि हातात दहा आठवडे आहेत. दोघं धडाधड उत्तरं देतात, बाकीचे बघत बसतात. एका मुलीला तर सगळं येतं पण बझरवर बोट ठेवून नुसती थांबते. सगळ्यांचा नावांमध्ये गोंधळ होतो तो वेगळाच. रोज किती वचनं पाठ करून घेऊ?

उत्तर : ताई, पाठांतर लागेलच पण सुरुवात तिथून नका करू. पहिल्या आठवड्यात पुस्तक गोष्टीसारखं सलग मोठ्याने वाचून काढा, एकाने एक अध्याय वाचायचा बाकीच्यांनी ऐकायचं, वह्या बंद. १:८ (पहिला अध्याय, आठवं वचन) तेवढं पहिल्याच दिवशी पाठ करून घ्या, कारण यरुशलेम, मग यहूदीया आणि शोमरोन, मग पृथ्वीच्या शेवटापर्यंत हा सगळ्या पुस्तकाचा नकाशाच आहे, साधारण ७ व्या अध्यायापर्यंत यरुशलेम, ८ ते १२ आजूबाजूचा प्रदेश आणि १३ पासून पौलाचे प्रवास. एवढं डोक्यात बसलं की "हे कुठे घडलं" असं विचारल्यावर मूल निदान बरोबर भागात तरी शोधतं. नंतर आठवड्याला चार अध्याय घेतले तर २८ अध्याय सात आठवड्यांत होतात आणि उजळणीला शेवटचे दोन आठवडे उरतात. फक्त अध्याय संपला म्हणून गोष्ट तोडू नका हं, २१ वा अध्याय जिथे संपतो तिथे पौल पायऱ्यांवर उभा राहून बोलायला सुरुवातच करतोय आणि भाषण आहे २२ व्यात, अध्यायांचे आकडे खूप नंतर घातलेले आहेत.

आता नावं. मुलांची चूक नाही, पुस्तकच तसं आहे. हनन्या तीन आहेत! ५ व्या अध्यायात सप्पीरेचा नवरा, जमिनीच्या पैशांबद्दल खोटं बोलणारा. ९ व्यात दिमिष्कातला शिष्य, जो घाबरत घाबरत शौलाकडे (म्हणजे पुढचा पौल, तेव्हा शिष्यांचा छळ करणारा) जातो आणि त्याला "भाऊ" म्हणतो. आणि २३ व्यात प्रमुख याजक, जो पौलाच्या तोंडात मारायला सांगतो. यादी पाठ करून घेतलीत तर ऐन वेळी तिघं एकमेकांत मिसळणार, त्यापेक्षा तीन मुलांना तीन हनन्या करा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारून ओळखायचं की हा कुठला. आमच्या टीमने हे केलं होतं, दिमिष्कातला हनन्या झालेला मुलगा खाली बसलेल्या शौलाच्या डोक्यावर हात ठेवताना खरंच थबकला होता, पुढे त्या अध्यायात कुणीच चुकलं नाही. शिमोन जादूगार आणि शिमोन चांभार यांचंही असंच करा, आणि अंत्युखिया दोन आहेत, सूरियातलं आणि पिसिदियातलं, दोन्ही १३ व्या अध्यायातच येतात त्यामुळे तिथे नकाशा काढल्याशिवाय पुढे जाऊच नका.

एक गोष्ट आजच करा, स्पर्धेत बायबलची कुठली आवृत्ती धरणार ते लेखी विचारून घ्या. आमची मुलं सोप्या भाषेतल्या आवृत्तीवरून वचनं पाठ करून गेली आणि तिथे जुनी आवृत्ती होती, अर्थ बरोबर असून मार्क गेले, मुलं परत येताना एक शब्द बोलली नाहीत. चूक माझीच होती, मी नियम नीट वाचलेच नव्हते.

आणि ती मुलगी. ताई, तिला आणखी अभ्यास देऊ नका, तिला चुकायची भीती आहे आणि त्या दोघांच्या वेगामुळे ती वाढते असं मला वाटतं. तिला दोन-तीन अध्याय तिचे म्हणून द्या, समजा १०, ११ आणि १२. सरावात त्या अध्यायांवर बाकीच्यांनी हात मागे बांधायचे, बझर फक्त तिचा. उत्तर चुकलं तर मार्क कापायचे नाहीत, उलट दाबलं म्हणून शाबासकी द्यायची, बरोबर-चूक नंतर बघू. पहिले दोन-तीन दिवस ती तरीही थांबेल, तुम्ही प्रश्न पुन्हा वाचू नका, गप्प राहून वाट बघा, आणि त्या वेगवान दोघांना प्रश्न तयार करायच्या कामाला लावा, म्हणजे तेही तिचा अध्याय तिलाच येऊन विचारतील.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही नको. एका संध्याकाळी २७ वा अध्याय सगळ्यांनी मिळून वाचा, ते वादळ, चौदावी रात्र, जहाजावरची २७६ माणसं आणि पौल भाकर मोडतो ते, आणि वाचायला त्या मुलीला सांगा.