स्कॉटलंडला पाच दिवस आहेत. एडिंबरा, लॉक नेस आणि स्काय करायचंय. कलोडन नुसतं मैदान आहे म्हणे, वगळलं तर चालेल का?

नाही चालणार. कलोडन म्हणजे 1746 च्या लढाईचं रणांगण. वगळायचंच असेल तर स्काय बेट वगळा.

‘नुसतं मैदान आहे’ हे वाक्य मी 2018 साली माझ्या भावोजींकडून ऐकलंय, इन्व्हरनेसला नाश्ता करताना. ताई, भावोजी, मी, बायको आणि बाबा असे आम्ही पाच जण होतो. बाबा इतिहासाचे शिक्षक, तेव्हा 72 वर्षांचे. अख्ख्या सहलीत त्यांनी एकच जागा मागितली होती, ती कलोडन. इन्व्हरनेसहून जेमतेम आठ किलोमीटर. पण दुपारची लॉक नेस सरोवराची बोट आधीच बुक केलेली, गाडी भावोजींच्या हातात. त्यांनी अर्धा तास दिला.

पाऊस नुकताच थांबला होता, पायवाट चिकट झाली होती. मैदानात दोन रांगांत झेंडे लावलेत, निळे जॅकोबाइटांच्या, म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने बंड करणाऱ्यांच्या फळीचे आणि लाल सरकारी सैन्याचे. बाबा निळ्यापासून लालकडे निघाले, एकेक पाऊल मोजत. 16 एप्रिल 1746 ला हायलँडर, म्हणजे उत्तरेच्या डोंगराळ भागातले जॅकोबाइट, याच दलदलीतून धावले, समोरून वारा आणि गारठलेला पाऊस तोंडावर, पुढे तोफा. तासाभराच्या आत सगळं संपलं. जॅकोबाइटांची दीड हजाराच्या आसपास माणसं पडली.

मधल्या वाटेलगत गवताचे लांबट उंचवटे आहेत, तीच थडगी. प्रत्येकाशी ओबडधोबड दगड, त्यावर घराण्याचं नाव: फ्रेझर, मॅकिंटॉश, कॅमेरॉन. एका दगडावर फक्त ‘मिक्स्ड क्लॅन्स’ एवढंच. तिथे बाबा थांबले. अक्षरांत शेवाळ भरलं होतं, ते त्यांनी बोटाने चाचपलं आणि म्हणाले, “पानिपताला काला अंबापाशी एक स्तंभ आहे. घराणेवार दगड कोण लावणार आपल्याकडे?” पानिपत 1761 चं, म्हणजे यानंतर पंधराच वर्षांनी. ते आणखी काही सांगणार होते, तेवढ्यात पार्किंगमधून हॉर्न वाजला. बाबा निमूटपणे वळले. मैदानाच्या कडेचं जुनं लीनॅख कॉटेज बघायचं राहिलं. दीड किलोमीटरवरचे क्लाव्हा केर्न्स, चार हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी, तीही राहिली.

आणि बोटीतून काय दिसलं? धुकं आणि पीटमुळे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या मातीमुळे, काळंभोर झालेलं पाणी. लॉक नेस 37 किलोमीटर लांब आणि 230 मीटर खोल आहे, पण ते अर्कहार्ट किल्ल्याच्या पडक्या बुरुजावरून फार चांगलं कळतं. बोट लागतेच असं नाही.

भावोजींनी एडिंबराच्या रॉयल माइल रस्त्यावर किल्ट, म्हणजे चौकड्यांचा पुरुषी घागरा, घातलेल्या बॅगपाइपवाल्याबरोबर हौसेने फोटो काढले होते. कलोडननंतर हायलँडमधल्या पुरुषांना तोच पोशाख घालायला कायद्याने बंदी आली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं काळ्या पाण्यावर. 1782 मध्ये ती उठली. तो फोटो काढणाऱ्या माणसाने कलोडनला हॉर्न वाजवू नये, हे मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो.

तुमच्यासाठी: दोन दिवस एडिंबरा, मग रेल्वेने साडेतीन तासांत इन्व्हरनेस. एक अख्खी सकाळ कलोडन आणि क्लाव्हाला, दुपारी अर्कहार्ट. चौथ्या दिवशी गाडी घेऊन ग्लेन्कोची दरी. तिथे 1692 च्या फेब्रुवारीत बारा दिवस पाहुणचार घेतलेल्या सैनिकांनी यजमान मॅक्डोनल्ड घराण्याचीच कत्तल केली. थ्री सिस्टर्सच्या डोंगरांसमोर गाडी थांबवा आणि इंजिन बंद करा. पाचवा दिवस परतीचा. स्कायला किमान दोन मुक्काम हवेत, एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर समोरच्याला वाट देत देत वेळ जातो.

आणखी थोडं. कलोडनचे दगड लढाईच्या वेळचे नाहीत, 1881 मध्ये बसवलेत, त्यामुळे कोणत्या उंचवट्याखाली नक्की कोण हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. इंग्रज विरुद्ध स्कॉट अशी सरळ लढाईही ती नव्हती, सरकारी बाजूने स्कॉट लोकही लढले. उन्हाळ्यात मिजेस नावाचे बारीक माशीसारखे किडे चावतात, औषध जवळ ठेवा. म्युझियमला तिकीट आहे, मैदानावर फिरायला नाही.

बोट चुकली असती तर पैसे बुडाले असते, असं भावोजी दर दिवाळीला सांगतात. पाच तिकिटांचे पैसे होते ते. मी भरले असते.