खाऱ्या वाऱ्यात लॉन जळतं, मग अंगणात काय लावू?

घर किनाऱ्याला लागून, अंगणात वाळू, दोनदा लॉन लावलं आणि दोन्ही वेळा जळालं, असं तुम्ही लिहिलंय. आमचंही तेच झालं होतं. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पात्यावर बसतं आणि पातं टोकाकडून करपत जातं. वरून कितीही पाणी मारा, उपयोग नाही. तिसऱ्यांदा पैसे घालवू नका. मर्यादवेल लावा.

पुळणीवर जांभळट गुलाबी फुलांची, मधोमध खाच असलेल्या जाड पानांची जी वेल पसरलेली असते, तीच ही. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री, म्हणजे बकरीचा पाय. पान तसंच दिसतं. रताळ्याच्या कुळातली. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही सुरू होते. शेजारच्या काकींनी मला विचारलं होतं, "अहो, किनाऱ्यावरचं तण दारात कशाला?" त्यांचंही बरोबरच, पण त्या तणालाच आमची हवा मानवते.

माझी पहिली चूक सांगतो. लाडाने लाल माती आणली, शेणखत घातलं, वाफा केला. आषाढात पाणी साचलं आणि सगळी पेरं कुजली. उरलेले तुकडे कुंपणाशी वाळूच्या ढिगावर टाकले होते, ते मात्र रुजले. तेव्हा माती नको, खत नको. निचऱ्याची वाळू आणि दिवसभर ऊन, बस. सुरूच्या किंवा माडाच्या दाट सावलीत नुसतीच लांबते, फुलत नाही.

पाऊस सुरू झाला की हात-दीड हात लांबीचे, चार-पाच पेरांचे तुकडे घ्या. दोन-तीन पेरं वाळूखाली जातील असे आडवे पुरा, कोंबाचं टोक वर ठेवा. प्रत्येक पेराला मुळं फुटतात, त्यामुळे वाळू उडून अंगावर आली तरी वेल तिच्यावर चढून पुढे जाते. पावसाने दडी मारली तर पहिले दोन-तीन आठवडे पाणी द्या, पुढे विसरून जा. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं, तेही तिने मुकाट घेतलं.

तुकडे पुळणीवरच्या वेलीचेच घेणार असाल तर चार कोंबांपेक्षा जास्त तोडू नका, मुळासकट तर मुळीच उपटू नका. वाळूच्या टेकड्या तिच्यावर आणि रावणाच्या मिश्या नावाच्या गवतावर तगून असतात, आणि किनारा नियमन क्षेत्राच्या (सीआरझेड) अधिसूचनेत त्या संवेदनशील क्षेत्रात धरल्या आहेत. त्यापेक्षा बी गोळा करा. बोंडात चार लवदार बिया असतात. कवच इतकं टणक की समुद्रात तरंगत दूरवर जाऊनही त्या रुजतात. म्हणूनच पेरण्याआधी एका बाजूने पॉलिश पेपरवर घासायची आणि रात्रभर भिजवायची.

एक मात्र आधीच सांगतो, हे लॉन नव्हे. वर चालता येत नाही, वेलीत पाय अडकतो. फुलं सकाळची, दुपारी मिटतात. आणि वेल अडवली नाही तर पायवाट गिळते. मी दर दिवाळीआधी कोयतीने कडा छाटतो.

अंगणाचा एखादा कोपरा खाडीकडे असेल, चिखलाचा आणि पाणी धरणारा, तर तिथे ही नको. त्या जागी घोळीसारख्या मांसल पानांचा धापा लावा.