भाच्याच्या रेस्टॉरंटमध्ये 30 लाख गुंतवावेत का?

प्रश्न: माझे वय 48 असून मी खासगी नोकरीत आहे. माझा भाचा शेफ असून तो बांद्र्यात पाली नाक्याजवळ सॅलड, स्मूदी, मिलेट बोल अशा आरोग्यदायी पदार्थांचे 30 खुर्च्यांचे रेस्टॉरंट काढत आहे. मी 30 लाख रुपये दिल्यास तो 40 टक्के भागीदारी आणि शिवाय वर्षाला 15 टक्के निश्चित परतावा देणार आहे. बँकेच्या कर्जाला जामीन राहण्याचीही त्याची विनंती आहे. 30 लाखांपैकी 18 लाख म्युच्युअल फंडांतून आणि 12 लाख मुदत ठेवीतून काढावे लागतील. मुलगी अकरावीत आहे.

उत्तर: आपण सोबत पाठवलेल्या खर्चाच्या अंदाजात भाडे दरमहा 3 लाख दाखवले आहे, परंतु त्यावरील 18 टक्के जीएसटी, म्हणजे 54 हजार रुपये, कुठेही दिसत नाही. अशा रेस्टॉरंटला ग्राहकाकडून 5 टक्केच जीएसटी घ्यावा लागतो, मात्र त्या बदल्यात इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर व भाड्यावर आधीच भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. त्यामुळे भाड्यावरचा कर हा निव्वळ खर्च ठरतो. भाडे विक्रीच्या 15 टक्क्यांच्या आसपास असावे, हा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा. तो लावला तर 3 लाख 54 हजारांच्या भाड्याला महिन्याची विक्री साडेतेवीस लाखांहून अधिक, म्हणजे रोज 78 हजारांच्या वर हवी. माणशी 600 रुपयांचे बिल धरल्यास रोज 130 गिऱ्हाइके आली पाहिजेत, म्हणजेच प्रत्येक खुर्ची दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा भरली पाहिजे, आणि तीही सोमवारी दुपारी व जुलैच्या मुसळधार पावसात. एक स्मूदी मागवून लॅपटॉपसमोर दोन तास बसणारा वर्ग हाच अशा ठिकाणांचा मुख्य ग्राहक असतो, हे आपल्या भाच्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. घरपोच ऑर्डरींनी विक्री वाढेल खरी, पण स्विगी-झोमॅटोचे कमिशन वजा जाता हाती किती उरते, याचा वेगळा हिशेब त्याने मांडलेला नाही. नासाडीचीही तीच गत आहे: परवापर्यंत कडक असलेला ॲव्होकाडो आज आतून काळा निघतो, आणि लेट्यूसची पेटी मंगळवारी उरली तर गुरुवारी कचऱ्यात जाते.

तरीही मला अधिक काळजी वाटते ती कागदपत्रांची. 40 टक्के भागीदारी आणि 15 टक्के निश्चित परतावा या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. नफा झाला तरच भागीदाराला वाटा मिळतो. ठरलेले व्याज सावकाराला मिळते. आपण यांपैकी कोण, हे आधी ठरवावे. भागीदारी संस्था काढल्यास 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार संस्थेच्या सर्व देण्यांची जबाबदारी आपल्यावरही व्यक्तिशः येते, मग आपला हिस्सा कितीही असो. त्यापेक्षा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी बरी, कारण तिथे जोखीम साधारणतः घातलेल्या भांडवलापुरती राहते. मात्र एलएलपी करूनही कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलात, तर ते संरक्षण त्या कर्जापुरते आपणच सोडून दिल्यासारखे होईल. नाते कितीही जवळचे असले तरी या एका मुद्द्यावर मी तडजोड सुचवणार नाही.

भाड्याच्या जागेत घातलेल्या पैशाचे स्वरूपही लक्षात घ्यावे. फरशी, प्लंबिंग, धूर बाहेर नेणारा डक्ट हे सारे जागेलाच चिकटून राहते; जागा सोडताना फ्रिज आणि ओव्हन तेवढे विकता येतात, आणि तेही मिळेल त्या भावाने.

माझे मत असे की मुलीच्या उच्च शिक्षणाला दीड-दोन वर्षे उरलेली असताना 12 लाखांच्या मुदत ठेवीला हात लावू नये. म्युच्युअल फंडांतून 6 ते 7 लाख काढावेत आणि तेही एलएलपीतील भांडवल म्हणून द्यावेत. इक्विटी फंडांवरील दीर्घकालीन नफा वर्षाला सव्वा लाखापेक्षा अधिक झाल्यास वरच्या रकमेवर 12.5 टक्के कर लागेल, तेव्हा शक्य असल्यास ही रक्कम 31 मार्चच्या अलीकडे-पलीकडे दोन हप्त्यांत काढावी. उरलेल्या भांडवलासाठी भाच्याने दुसरा भागीदार शोधावा किंवा आधी फक्त घरपोच विक्रीचे छोटे स्वयंपाकघर वर्षभर चालवून दाखवावे. ते हिशेब पाहून पुढची रक्कम देण्याचा विचार करता येईल. होकार देण्यापूर्वी भाडेकराराचा मसुदा मात्र अवश्य मागवून घ्यावा आणि लॉक-इनचा काळ किती आहे व तो संपण्याआधी जागा सोडल्यास डिपॉझिटचे काय होते, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.