४,२९,४९,६७,२९७ : कसोटीला उतरते, तरीही मूळ नाही

तुमचा प्रश्न असा आहे की, २ च्या ३२ व्या घातात १ मिळवून येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या फर्माच्या कसोटीला २ हा आधार घेऊन उतरते, तर ती मूळ संख्या का नाही, आणि संगणकाशिवाय तिचा विभाजक सापडू शकेल का.

आधी कसोटीबद्दल. संख्या मूळ असेल आणि आधाराला तिने भाग जात नसेल, तर आधाराचा ‘संख्या वजा १’ इतका घात घेऊन त्याला त्या संख्येने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, ही फर्माची कसोटी. २ चा ३२ वा घात या संख्येहून १ ने लहान असल्यामुळे त्याला तिने भागल्यास बाकी वजा १ धरता येते, आणि वर्ग केला की ६४ व्या घाताची बाकी १ होते. कसोटीतला घातांक म्हणजे संख्या वजा १, अर्थात २ चा ३२ वा घातच; त्याला ६४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून बाकी १ येणे अटळ आहे. २ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुप्पट होत जाणाऱ्या घातात १ मिळवून येणाऱ्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात; या रूपाच्या प्रत्येक संख्येबाबत हेच घडते, त्यामुळे येथे २ हा आधार काहीच सिद्ध करत नाही. आधार ३ घ्या. बाकी १ येत नाही आणि प्रश्न तिथेच मिटतो.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला मात्र या रूपाच्या सर्व संख्या मूळ वाटत होत्या, आणि ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या पहिल्या पाच तशा आहेतही. सहावी गणितज्ञ ऑयलरने १७३२ साली फोडली: ६४१ × ६७,००,४१७.

ही फोड हाताने शक्य आहे, आणि मला या संख्येत सर्वांत सुंदर वाटते ते हेच. तिच्या प्रत्येक मूळ विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते, हे ऑयलरने दाखवले. पुढे ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ६४ च्या जागी १२८ आणले. आता उमेदवार पाहा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. १२९ आणि ५१३ यांना ३ ने, ३८५ ला ५ ने भाग जातो. २५७ ही स्वतःच फर्मा संख्या आहे, आणि दोन वेगळ्या फर्मा संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. म्हणजे प्रत्यक्ष करावा लागणारा पहिलाच भागाकार ६४१ चा, आणि तो निःशेष जातो.

भागाकारही टाळता येतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६२५ + १६ सुद्धा. पहिल्या रूपावरून ५ × १२८ ची बाकी वजा १. त्याचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी वजा १६ ठेवा. २ च्या ३२ व्या घाताची बाकी वजा १ येते, म्हणजे त्यात १ मिळवल्यावर ६४१ ने पूर्ण भाग जातो.

६७,००,४१७ मूळ आहे हे तपासायलाही त्याच नियमाने ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच चार भागाकार पुरतात, कारण तिचे वर्गमूळ २,५८९ हून कमी आहे.

आणखी एक गुणधर्म सांगतो. ही संख्या ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहे हे उघडच आहे. पण ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांची बेरीजही नेमकी तेवढीच भरते. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत दोन वेगळ्या रीतींनी मांडता येत नाही, त्यामुळे एकही विभाजक हाती नसता तरी ती मूळ नाही हे केवळ या दोन मांडण्यांवरून सिद्ध झाले असते.