भैरवी वाजेल, भैरव नाही

प्रश्न : गेल्या दिवाळीत सूनबाईंनी मला हाताने फिरवायचा, पंधरा स्वरांचा म्युझिक बॉक्स दिला. भोके पाडलेली कागदी पट्टी बदलली की त्याची धून बदलते. तेव्हापासून धून बदलता येणाऱ्या पेट्या जमवाव्यात असे मनात आहे. पुढची पेटी खिळे जडवलेल्या, बदलत्या सिलिंडरची घ्यावी की तबकडीची? शिवाय पट्टीवर मी स्वतः भोके पाडून यमन राग उतरवू पाहतो, तो का जमत नाही? — एक निवृत्त शिक्षक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आधी यमनाचे पाहू, कारण त्याचा उलगडा आपल्या हातातल्या पेटीतच आहे. तिच्या पोलादी कंगव्याचे पंधरा दात म्हणजे हार्मोनियमच्या केवळ पांढऱ्या पट्ट्या, पांढरी एकपासून दोन सप्तके. काळी एकही नाही. आपण पांढरी एकला षड्ज (सा) धरला असणार, आणि तिथून यमनाला लागणारा तीव्र मध्यम (चढा म) काळीवर जातो, म्हणजे त्याचा दातच पेटीत नाही. षड्ज पांढरी चारवर न्यावा. तीव्र मध्यम आपोआप मिळेल आणि मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत ऐसपैस जागाही मिळेल. याच मूर्च्छनेच्या, म्हणजे त्याच स्वरांत षड्ज हलवण्याच्या, न्यायाने पहिल्या पांढरीवरून बिलावल, दुसऱ्या पांढरीवरून काफी, तिसरीवरून भैरवी, पाचवीवरून खमाज आणि सहावीवरून आसावरी निघतो. ज्या शहरात १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, तिथल्या वाचकाला दहा थाटांतले (रागांच्या मूळ स्वरसंचांतले) उरलेले चार कोणते हे खरे तर सांगायला नको : भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या पेटीवर कोणताही षड्ज धरला तरी बसत नाहीत. त्यांच्यासाठी तीस स्वरांची पेटी लागते, कारण तिच्या मधल्या भागात काळ्या पट्ट्यांचेही दात असतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, मात्र कोणत्याच पेटीत नाही, त्यामुळे मींडेवर उभा असलेला दरबारी राग पाडण्याचा मोह आवरलेला बरा.

आणखी एक अडचण आपल्याला लवकरच येईल. पट्टीतले भोक आले की त्यात तारकाचक्राचे (चांदणीच्या आकाराच्या चाकाचे) टोक अडकते, चक्र किंचित फिरते आणि दात छेडला जातो. तोच स्वर फार जवळ पुन्हा पाडला, तर पुढचे टोक जागेवर आलेले नसते आणि स्वर गळतो. म्हणून सतारीवरच्या ‘झाला’ या द्रुत वादनासारखी, एकच स्वर लगोलग घेणारी जागा विरळ करावी. पावसाळ्यात पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. ओल धरलेला कागद फुगतो आणि भोके दातांच्या रेषेतून सरकतात.

आता खरेदीचे. माझे मत तबकडीच्या बाजूने आहे. १८८०च्या दशकात लाइपझिगमध्ये ही पद्धत रुजली ती तबकडी स्वस्तात बनते आणि सहज बदलता येते म्हणूनच, आणि संग्राहकाला आजही तीच सोय हवी असते. मात्र एका मापाची तबकडी दुसऱ्या मापाच्या पेटीवर चालत नाही, तेव्हा साडेचार इंची घेतली तर पुढेही साडेचार इंचीच घ्यावी आणि ती आपल्या पेटीच्याच बनावटीची आहे ना, हे विचारून घ्यावे. फिशर-प्राइस या खेळण्यांच्या कंपनीचा १९७१ सालचा प्लास्टिक तबकड्यांचा खेळण्यातला रेकॉर्ड प्लेअरही संग्रहात शोभतो, कारण त्याच्या आत खरा कंगवा आहे. दिसायला तसाच असलेला अलीकडचा नमुना मात्र चिपवर वाजतो, त्यामुळे जुना समजून तो घेऊ नये.

बदलत्या सिलिंडरची पेटी देखणी असते, स्वित्झर्लंडच्या सेंट-क्रोआ गावच्या रूज या कंपनीची तर फारच. पण ती महाग असते आणि तिला चूक खपत नाही. सिलिंडर काढताना धून शेवटपर्यंत वाजू द्यावी, म्हणजे खिळ्यांमधली मोकळी जागा कंगव्यासमोर येते. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी चावी भरलेली असतानाच वेग आवरणारा पंखा साफ करण्यासाठी काढला. स्प्रिंग एका झटक्यात सुटली, सिलिंडर गरगरला, आणि पाच-सात सेकंदांत शेकडो खिळे वाकले व कंगव्याचे अकरा दात तुटून टेबलावर पडले.