गुलाबदाणी कोणाची ते नंतर, आधी मेसेजची तारीख बघा

प्रश्न : आमचं घराणं पेशवाईतल्या सरदारांचं. साताऱ्याचा वाडा पाडायला काढला तेव्हा वडिलांनी घराण्यातली चांदीची गुलाबदाणी चुलत्यांकडे सांभाळायला दिली. दोघेही आता हयात नाहीत. चुलतभाऊ ती देत नाही, उलट अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवणार असं कानावर आलंय. काय करावं?

उत्तर : वाड्याची वाटणी झाली आणि भांडी राहिली, अशी पत्रं दर महिन्याला येतात. तुमचं त्यातलंच. चार पानं वंशावळीवर खर्च केलीत आणि कामाची ओळ शेवटी कंसात टाकलीत : पावणेतीन वर्षांपूर्वी गणपतीत तुम्ही व्हॉट्सॲपवर गुलाबदाणी मागितली, तर भावाचं उत्तर आलं, 'ती इथेच राहील, पुन्हा विषय काढू नकोस.' सगळा दावा त्या कंसात आहे.

ठेवायला दिलेली वस्तू परत मागायची मुदत तीन वर्षं, आणि ती वस्तू दिली त्या दिवसापासून नव्हे, मागितल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून मोजायची. मुदतीचा कायदा, 1963, अनुच्छेद 70. म्हणून वाडा पाडून किती वर्षं झाली याची चिंता सोडा. चिंता त्या मेसेजची करा. गणपती तिथीने येतात, मुदत इंग्रजी तारखेने संपते. आणि संपली की नुसता दावा जात नाही, कलम 27 प्रमाणे वस्तूवरचा हक्कच जातो. उशीर माफ करून घ्यायची सोय अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. आता नव्याने नोटीस पाठवली म्हणून तीन वर्षं पुन्हा सुरू होत नाहीत. 'बोलणी चालू आहेत' म्हणता, पण बोलण्यांनी मुदत थांबत नाही. मुदतीच्या आत भावाने हक्क लेखी कबूल करून सही केली तर गोष्ट वेगळी. तो करेल असं पत्रावरून वाटत नाही.

आणखी एक, आणि हे मला आधी सांगायला हवं होतंत : वडिलांनी हयातीत कधी ती मागितली होती का? मागून त्यांना स्पष्ट नकार मिळाला असेल तर मुदत तेव्हाच सुरू झाली, कदाचित संपलीही.

भाऊ म्हणेल, ठेव नव्हतीच, देऊन टाकली होती. किंवा ती एकत्र कुटुंबाची. दुसरं म्हणणं टिकलं तर वाटणीचा प्रश्न येतो आणि मुदतही बदलते, म्हणून दाव्यात वाटणीची मागणी पर्यायी ठेवावी का, हे कागद बघून तुमच्या वकिलाने ठरवावं. सरंजाम 1952 साली खालसा झाले, पण तो जमिनींचा मामला; गुलाबदाणीला त्याचा आधार नाही.

'पेशव्यांनी दिली' हे मात्र दाव्यात लिहू नका. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तळावर 'ओ. एम. भुज' असा ठसा दिसतो. तो कच्छच्या दरबारी सोनार ओमरसी मावजी यांच्या कारखान्याचा, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पेशवाई 1818 ला संपली. उलटतपासणीत एवढ्यावरून बाकीची साक्षही पडेल. तोच ठसा, वजन आणि मानेजवळचा पोचा ओळख पटवायला मात्र उपयोगी. घरातल्या मुंजीच्या किंवा लग्नाच्या जुन्या फोटोत ती दिसते का शोधा.

परदेशाचं म्हणाल तर शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू कायदा, 1972 खाली येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. नोंदणी लागते का, हे नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. ती ठराविक प्रकारांनाच सक्तीची आहे. दाव्यासोबतच मनाईहुकुमाचा अर्ज द्या आणि कोर्ट कमिशनरकडून वस्तूचा पंचनामा मागा. मूळ निकालाला किती वर्षं लागतील ते विचारू नका, आपली दिवाणी कोर्टं तुम्हालाही ठाऊक आहेत; म्हणूनच हा अर्ज महत्त्वाचा.

आणि तो जुना फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. मेसेज पुराव्यात यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. नुसती स्क्रीनशॉटची झेरॉक्स चालत नाही.